खिडक्यांचा कारभारी आणि शुक्रवारची वेळ

फिनलंडमधल्या ताम्पेरे शहराच्या हेरवांता वस्तीतल्या त्या इमारतीत माणसं एकमेकांशी बोलत नसत, भिंतीला चिठ्ठ्या लावत. तळघरात कपडे धुण्याची खोली, तिच्या शेजारी सॉना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी मारून वाफ घ्यायची सामायिक खोली, आणि दोहोंच्या मधल्या भिंतीवर चिठ्ठ्या. ‘वाळवणाच्या दोरीवर ज्यांचे मोजे गेल्या आठवड्यापासून आहेत, त्यांचे पाय कुशल असतील अशी आशा आहे.’ खाली सही नसायची. गरजही नव्हती, कारण हस्ताक्षर सगळ्यांना ठाऊक होतं आणि मोजेही.

ऑक्टोबरच्या एका काळ्याभोर दुपारी रेइनो कुपारिनेन कपड्यांची टोपली घेऊन खाली आला, तेव्हा त्याच भिंतीवर टाइप केलेली चिठ्ठी होती. टाइप केलेली, म्हणजे योर्माची. योर्मा हापाकोस्की हा इमारतीच्या मंडळाचा अध्यक्ष. काही माणसांना मासेमारी आवडते, काहींना नाच. योर्माला सभा आवडायच्या. चिठ्ठीत लिहिलं होतं की नव्या वर्षापासून सॉनाच्या आणि धुण्याच्या वेळा फोनवरच्या अ‍ॅपवर घ्याव्या लागतील, सगळ्यांच्या कायमच्या वेळा रद्द होतील, आणि जो आधी बोट लावेल त्याला वेळ मिळेल.

रेइनोने टोपली खाली ठेवली.

त्याची कायमची वेळ होती शुक्रवारी सात ते आठ. कुणाकडे जमीन असते, कुणाकडे दागिने. या इमारतीत शुक्रवारचे सात ही चीज होती. आठवड्याचं काम संपलेलं, सॉनाचे दगड आधीच्या दोन घरांनी नीट तापवून ठेवलेले, आणि पुढे अख्खी सुट्टी. अशी वेळ मागून मिळत नाही, त्यासाठी कुणीतरी मरावं लागतं. चौथ्या मजल्यावरचे म्हातारे गेले, तेव्हा रेइनोच्या बायकोने, आइलाने, सकाळी फुलं पाठवली आणि दुपारी अर्ज. दोन्ही मनापासून. तेव्हापासून दर शुक्रवारी ती वरच्या फळीवर बसून दगडांवर पाणी फेकायची आणि रेइनो खालच्या फळीवर बसून ‘पुरे आता’ म्हणायचा. आइला जाऊन आता तीन हिवाळे झाले होते. तो अजून खालच्याच फळीवर बसायचा. तिथून फेकलेलं पाणी दगडांवर पुरेसं पोचत नसे, म्हणून वाफ कमीच व्हायची. पण वेळ त्यांची होती.

आता ती जो आधी बोट लावेल त्याची होणार. रेइनोची बोटं जाड, आणि फोन असा की तो फक्त वाजायचा.

बोटं जाड असली तरी माणूस अडाणी नव्हता. उभं आयुष्य त्याने विद्यापीठाच्या संगणक विभागात काढलं होतं. घरी त्याच्या कॉम्प्युटरवर अजूनही तोच जुना कारभारी होता. कारभारी म्हणजे काय, तर स्क्रीनवर ज्या खिडक्या उघडतात, त्या कुठे मांडायच्या, कुणाला पुढे बसवायचं आणि कुणाला मागे, हे पाहणारा कुणीतरी लागतो. हल्ली तो कॉम्प्युटरबरोबरच येतो, गुळगुळीत, सावल्या पाडणारा, मालकाला न विचारता सगळं ठरवणारा. रेइनोचा कारभारी जुन्या वळणाचा. टीडब्ल्यूएम एवढंच त्याचं नाव. नवी खिडकी आली की तो ती परस्पर मांडत नसे. तिची नुसती चौकट माउसच्या बाणाला लटकवून तो थांबून राही, की मालक, कुठे ठेवू? मालकाने जागा दाखवून बटण दाबलं की मगच खिडकी बसायची. आणि बाण ज्या खिडकीवर असेल तिथेच अक्षरं उमटायची. दाबादाबी नाही, बाण गेला की झालं. मागची खिडकी मात्र मागेच राहायची. तुम्ही तिच्यात लिहीत असलात तरी सांगितल्याशिवाय पुढे यायची नाही.

आइलाने एकदा हे सगळं उभ्याने पाहिलं होतं आणि म्हणाली होती, “तुझाच भाऊ दिसतोय. विचारल्याशिवाय हलत नाही आणि मागे पडलेलं पुढे आणत नाही.” रेइनोने ते कौतुक समजून घेतलं होतं.

तर या कारभाऱ्याला घेऊन रेइनो मंडळाच्या सभेला गेला. कॉफी होती, वेलदोड्याचे पाव होते. त्याने मांडलं ते असं: कपाटात माझा जुना कॉम्प्युटर आहे, तो तळघरात ठेवतो, एका खिडकीत सॉनाची यादी, दुसरीत धुण्याची, लोकांनी येऊन आपलं नाव लिहावं. अ‍ॅप नको, आणि कायमच्या वेळा जशाच्या तशा. जन्मात एवढं लांब तो कधी बोलला नव्हता; सभा त्या धक्क्यातच निम्मी राजी झाली. योर्मा राजी नव्हता, पण तो नकार देत नसे, अट घालत असे. वर्षानुवर्षं लोक वेळा अडवून बसतात आणि वापरत नाहीत, म्हणून प्रत्येकाने दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत आपली वेळ नाव लिहून पक्की करायची. न केल्यास कॉम्प्युटर आपोआप ती वेळ प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या घराला देईल, कायमची.

रेइनोने ही अट आनंदाने मान्य केली. विसरणारे लोक वेगळे असतात अशी त्याची समजूत होती. त्याच्या शुक्रवारसाठी यादीत पहिले होते तिसऱ्या मजल्यावरचे हेन्ना आणि ओस्करी, राहायला आल्या दिवसापासून. मधल्या काळात त्यांना बाळही झालं होतं. जिन्यात भेटले की दोघं रेइनोच्या तब्येतीची चौकशी करत. फार अगत्याने करत.

काम दुपारभराचं होतं. टेबल ठेवायचं, वायर खोचायची, वर जाऊन कॉफी प्यायची.

टेबल त्याने तळघराच्या बोळात ठेवलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लागली, की बोळ ही आग लागल्यास पळण्याची वाट आहे, आणि जळून मरताना आम्हाला टेबलाला वळसा घालायचा नाही. योर्माने आपत्ती आराखडा काढून वाचला. चिठ्ठी बरोबर होती. रेइनोने टेबल सॉनाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत नेलं. तिथे विजेचा पॉइंट नव्हता, आणि असता तरी नागड्या माणसांच्या खोलीत स्क्रीन असलेलं यंत्र ठेवण्याबद्दल पहिल्या मजल्यावरच्या सिनिक्काची काही मतं होती. सायकलींच्या खोलीत विजेचा पॉइंट होता, पण तो इमारतीच्या नोंदीत ‘तात्पुरता’ होता, बांधकाम झालं तेव्हापासून. तो कायम करायचा तर परवानाधारक वायरमन, वायरमन आणायचा तर मंडळाचा ठराव, ठराव करायचा तर पुढची सभा, आणि पुढची सभा वसंतात. शेवटी सगळ्या नियमांत बसेल अशी एकच जागा उरली: धुण्याच्या खोलीत, भिंत आणि मोठं वॉशिंग मशीन यांच्या मधल्या फटीत. टेबल तिथे मापून केल्यासारखं बसलं. एका बाजूने भिंतीला टेकलेलं, दुसऱ्या बाजूने मशीनला.

रेइनो वर गेला आणि त्याने ती कॉफी घेतली.

पहिल्या आठवड्यात तीनदा कुणीतरी कॉम्प्युटरची वायर उपसली. लोक ‘नवी नोंद’ म्हणत, कारभारी नेहमीप्रमाणे रिकामी चौकट बाणाला लटकवून अदबीने उभा राही, आणि लोकांना वाटे यंत्र मेलं. माउस हलवला की चौकट मागे येते, थांबलं की थांबते. सिनिक्काने जिन्यात सगळ्यांना सांगितलं की रेइनोच्या मशीनमध्ये काहीतरी शिरलंय आणि ते तिच्या हाताचा पाठलाग करतंय. तिने माउसवर ओलं फडकं टाकून पाहिलं. दुसऱ्या कुणी सुचवलं की स्क्रीन थोडा वेळ वाळवणाच्या खोलीत ठेवावा. एक चिठ्ठी तर चक्क सभ्य होती: ‘अ‍ॅपमध्ये चौकटी लटकत नाहीत.’

रेइनोच्या जिव्हारी लागलं. या कारभाऱ्यासमोर मोठमोठ्या प्राध्यापकांनी आयुष्यं काढली होती, आणि इथे त्याच्यावर फडकं. तरी त्याने खिडक्या आपोआप, एकीमागे एक, बसतील अशी व्यवस्था केली. करताना त्याला वाटलं, आपण एका सभ्य माणसाला मान खाली घालायला लावतोय.

यानंतर जे सुरू झालं, ते कुणालाच कळेना. सिनिक्काने गुरुवारी आठला चादरींच्या इस्त्रीसाठी नाव घातलं आणि सकाळी ते सॉनाच्या यादीत निघालं. गुरुवारचे आठ म्हणजे पुरुषांची सामायिक वेळ. भिंतीवर लगेच आलं: ‘सिनिक्काचं स्वागत आहे. टॉवेल स्वतःचा आणावा.’

ती रेइनोच्या दारात आली. तिचं म्हणणं, नाव पूस आणि जाहीर माफी माग. रेइनोचं म्हणणं, ज्याने लिहिलं त्याने पुसावं. बाण ज्या खिडकीवर असतो तिथेच अक्षरं जातात, कॉम्प्युटर स्वतःहून कुणाला पुरुषांत पाठवत नाही.

“म्हणजे मी स्वतः गेले?”

“लिहिताना लक्ष वर ठेवावं, एवढंच,” रेइनो म्हणाला.

इमारतीत सिनिक्काशी असं कुणी बोललं नव्हतं. ती खाली गेली आणि दोन दिवस एकही चिठ्ठी लागली नाही. वादळाआधी पक्षी गप्प होतात, तसा तो प्रकार.

मग योर्मा. त्याच्याकडे तुर्कू शहरातून पाहुणे आले होते. त्यांच्यासाठी त्याने शनिवारी एक जादा वेळ लिहिली होती. तो सॉसेजेस आणि बियर घेऊन, मागे टॉवेल गुंडाळलेल्या तुर्कूकरांची रांग घेऊन खाली उतरला, तर आत दुसरंच घर घामाघूम बसलेलं. योर्माचं नाव धुण्याच्या यादीत होतं. शनिवारी संध्याकाळी अध्यक्षांनी गालिचे धुवायची वेळ घेतली होती. तुर्कूचे लोक आधीच ताम्पेरेवाल्यांना जरा कमी समजतात.

तातडीची सभा बसली. योर्माने शांतपणे मागणी केली, की यादी दुरुस्त करून शनिवारची नोंद सॉनात दाखवावी, निदान कागदोपत्री. आणि इथे रेइनोने, जो एरवी कॉफीला दूध हवं का या प्रश्नालाही विचार करून उत्तर द्यायचा, न थांबता उत्तर दिलं.

“तू लिहिलंस, मशीनने तेच ठेवलं. यादीत हात कुणी घालायचा नाही. मीसुद्धा नाही. आज तुझ्यासाठी घातला तर उद्या माझ्यासाठी घालीन.”

“हे इतिवृत्तात घेऊ?”

“घे.”

योर्माने घेतलं. त्याचं अक्षर अशा वेळी फार सुरेख यायचं.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार उजाडला, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. त्या दिवसांत तिथे उजाडत नाही, जरा फिकट होतं. पाचच्या सुमारास रेइनो कॉफीचा मग घेऊन खाली आला. सिनिक्का मशीनपाशी उभी होती, तिच्या चादरी आत गरगरत होत्या. रेइनोने माउसचा बाण सॉनाच्या खिडकीवर आणला, मग कळफलकाकडे पाहून एकेक अक्षर शोधायला लागला. टायपिंग त्याला आयुष्यभरात आलं नव्हतं. संगणक विभागात ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नसे, कारण तिथल्या निम्म्यांची तीच गत होती. पहिलं अक्षर सापडायच्या आत मशीनने कपडे पिळायला वेग घेतला. त्या घरघराटात सिनिक्का त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, “एकटा माणूस तासभर करतो काय रे आत?”

“बसतो.”

“बसायला खुर्च्या असतात. त्या पोरांना तान्हं मूल आहे.”

“त्या पोरांचं वय आहे अजून. मिळेल कधीतरी.”

“कधीतरी म्हणजे तू गेल्यावर.”

“माझी प्रकृती चांगली आहे,” म्हणत रेइनोने नाव आणि वेळ लिहून संपवली, एन्टर ठोकलं आणि स्क्रीनकडे न बघता, ताठ मानेने, मग घेऊन वर गेला. असल्या बाईसमोर खात्री करून घेत उभं राहणं त्याला कमीपणाचं वाटलं.

सोमवारी सकाळी तो सहज खाली आला. सॉनाच्या यादीत शुक्रवारी सात ते आठ हेन्ना आणि ओस्करी होते, कायमचे. कुपारिनेन हे नाव मागच्या खिडकीत होतं, सॉनाच्या यादीखाली झाकलेलं, नुसती कड दिसणारी. धुण्याची यादी. शुक्रवार, सात ते आठ.

 मशीनमध्ये कुणाचे तरी कपडे होते. पाणी गेलं, मशीन पिळायला लागलं. टेबल थरथरलं, भिंतीला आणि मशीनला घट्ट चिकटलेलं ते टेबल, आणि रेइनोच्या डोळ्यांदेखत माउस आपण होऊन सरकू लागला. डावीकडे, हळूहळू, देवळाच्या रांगेत म्हातारी सरकते तसा. स्क्रीनवरचा बाण सॉनाच्या खिडकीवरून उतरला आणि मागच्या खिडकीच्या कडेवर जाऊन थांबला. कारभाऱ्याने ताबडतोब येणारी अक्षरं त्या खिडकीत उतरवायची तयारी केली. पुढे मात्र तिला आणलं नाही, कारण तसं कुणी सांगितलं नव्हतं.

सिनिक्काने नीट लिहिलं होतं. योर्मानेही. सगळ्यांनीच.

रेइनोने मनातल्या मनात दोन रकाने केले. यादीची फाइल त्याला ठाऊक होती, परवलीचा शब्द फक्त त्याच्याकडे होता. एक ओळ इकडची तिकडे केली की शुक्रवार परत. पण ओस्करीने यादी आधीच पाहिली असेल तर कारण द्यावं लागणार. खरं कारण दिलं, की टेबल हलतं, तर योर्माचे तुर्कूकर, सिनिक्काचं स्वागत, सगळं रेइनोच्या नावावर पडणार, कॉम्प्युटर वर जाणार, अ‍ॅप येणार, आणि इमारतीतल्या एकूणएक म्हाताऱ्यांच्या वेळा जाणार. त्याची तर जाणारच. खोटं कारण द्यावं, तर इतिवृत्तात सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं की कुपारिनेन हात घालणार नाही. उलटसुलट करून पाहिलं तरी बेरीज एकच येत होती.

तेवढ्यात दार उघडलं. ओस्करी बाळाच्या कपड्यांची बादली घेऊन आत आला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, बादली खाली ठेवली.

“हे... हे बरोबर आहे का?”

रेइनो म्हणाला, “यादीत आहे ना?”

“आहे.”

“मग आहे.”

ओस्करीचा चेहरा लाल झाला. तो दाराकडे गेला आणि परत फिरला. “तुम्ही मुद्दाम सोडलीत? आमच्यासाठी?”

आता या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. एकाने रेइनो बावळट ठरत होता आणि दुसऱ्याने संत, आणि दोन्हीची त्याला सवय नव्हती. त्याने मान अशी हलवली की तिचा अर्थ काहीही लावता यावा. ओस्करीने लावला. त्याने पुढे होऊन रेइनोचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या इमारतीत जन्मापासून राहणाऱ्यांनीही असं काही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत भिंतीवर चिठ्ठी होती. अक्षर सिनिक्काचं. ‘रेइनोने शुक्रवार पोरांना दिला. मी त्याला बोलले ते मागे घेते. सगळं नाही.’ दोन दिवसांनी योर्माने त्यासाठी खास सभा बोलावली आणि तो उठून उभा राहिला. नियमात हात घालायचा नाही असं स्वतः सांगून त्याच नियमात स्वतःची वेळ सोडणारा माणूस त्याने पाहिला नव्हता, असं म्हणाला, आणि अ‍ॅपचा विषय बेमुदत पुढे ढकलला. सगळ्यांच्या कायमच्या वेळा वाचल्या. लोकांनी टेबलावर हलकेच बोटं वाजवली, त्यांच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं. रेइनो पावाकडे बघत बसला. वाचलेल्या वेळांत त्याची नव्हती, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती. मंगळवारी तीनची वेळ रिकामी आहे, असं योर्माने त्याला प्रेमाने सांगितलं. मंगळवारी तीनला दगड कोमट असतात.

त्याच आठवड्यात रेइनो कुणी नसताना खाली गेला, टेबलाच्या पायांखाली बनातीचे जाड लोकरी तुकडे चिकटवले, मशीनच्या बाजूने फट मोकळी केली आणि माउसभोवती लाकडी पट्ट्यांचं कुंपण ठोकलं. त्यानंतर एकाचंही नाव चुकीच्या खिडकीत गेलं नाही. लोक म्हणू लागले, मशीन आता रुळलं, सुरुवातीला सगळीच यंत्रं खोडकर असतात.

शुक्रवारी पावणेसातला त्याच्या हाताने सवयीने टॉवेल काढला. त्याने तो टोपलीत टाकला, वर दोन शर्ट टाकले, कारण यादीत नाव असताना वेळ रिकामी घालवणं नियमात बसत नव्हतं, आणि तो नियम त्याने आनंदाने मान्य केला होता. खाली जाऊन त्याने शर्ट मशीनमध्ये लावले आणि उलट्या बादलीवर बसला.

भिंतीपलीकडे दार वाजलं. आधी बाळ रडलं, मग थांबलं. हेन्ना काहीतरी म्हणाली आणि ओस्करी हसला. मग दगडांवर पाणी पडलं, चर्र करून, भरपूर. वरच्या फळीवरून फेकलेलं पाणी होतं ते, खालून तेवढं पोचत नाही. लगेच दुसरं पडलं. “पुरे आता,” आतून ओस्करी म्हणाला. तिसरं पडलं.

रेइनोच्या समोर दोन शर्ट गोल गोल फिरत होते.

सिनिक्का चादरींचा गठ्ठा घेऊन दारात आली. तिने मशीनच्या काचेतून आत पाहिलं. “हे काय, रिकामंच चाललंय की. दोन शर्टांसाठी? काढ ते, मी माझ्या चादरी टाकते.”

“नाही,” रेइनो म्हणाला.

“तू नुसता बसलायस.”

“हो. आठपर्यंत माझी वेळ आहे.”

ती बोलायला गेली, पण भिंतीपलीकडे पुन्हा पाणी पडलं आणि दोघंही तिकडे बघत राहिले. मग तिने गठ्ठा जमिनीवर ठेवला, दुसरी बादली उलटी केली आणि त्याच्या शेजारी बसली.